भूगावात गिझर बदलताना : खर्चाचा पूर्ण हिशेब

घरातला गिझर बदलण्याचा खर्च चार ठिकाणी पडतो : खुद्द गिझरची किंमत, तो बसवण्याची मजुरी आणि सुटे सामान, जुन्या वायरिंगमध्ये किंवा नळजोडात करावी लागणारी दुरुस्ती आणि पुढे वर्षानुवर्षे येणारे विजेचे बिल. दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर यांतला फक्त पहिला आकडा असतो. भूगावसारख्या गावात या चारही आकड्यांवर आणखी एका गोष्टीचा परिणाम होतो, ती म्हणजे नळाला येणारे पाणी. गिझर चार वर्षे चालेल की आठ, हे बहुतेक वेळा पाणीच ठरवते. त्यामुळे खर्चाचा हिशेब पाण्यापासून सुरू करावा लागतो.

पाणी आणि गिझरचे आयुष्य

भूगाव हे मुळशी तालुक्यातले, पौड रस्त्यावर बावधनच्या पुढचे गाव. जून २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत गेली, त्यांत शेजारचे बावधन बुद्रुक होते. भूगाव महापालिकेबाहेरच राहिले आणि पीएमआरडीएच्या हद्दीत आहे. इथल्या गृहसंकुलांत ग्रामपंचायतीचे पाणी, बोअर आणि टँकर असा मेळ घातला जातो. यातले बोअरचे आणि बऱ्याच टँकरचे पाणी बेसाल्ट खडकातून आलेले भूजल असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात.

पाणी तापले की या बायकार्बोनेटचे कार्बोनेटमध्ये रूपांतर होते आणि ते पाण्यातून बाहेर पडून सर्वांत गरम पृष्ठभागावर, म्हणजे गिझरच्या कॉइलवर, बसते. वर्षा-दोन वर्षांनी गिझर उघडला की करंगळीएवढी जाड कॉइल पांढऱ्या-पिवळट, खरखरीत थराखाली अंगठ्याएवढी झालेली दिसते. टाकीच्या तळाशी याच थराचे तुकडे गोळा होतात. मिस्त्री ते खरवडून बादलीत काढतात, तेव्हा ओंजळभर खडे सहज निघतात.

या थरामुळे विजेचे बिल वाढते, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात कॉइलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, म्हणून बिलावरचा परिणाम किरकोळ असतो. खरे नुकसान वेगळे असते. थराखाली अडकलेली कॉइल स्वतः जास्त तापते आणि जळते. थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षार बसल्याने त्याला तापमान उशिरा कळते. सुरक्षा झडप अडकते. आणि तळाशी साचलेल्या खड्यांमुळे टाकीत मावणारे पाणी कमी होते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास चालवून घेण्याची मर्यादा ६०० मिलिग्रॅम आहे. आपल्या सोसायटीचे पाणी यांत कुठे बसते, हे प्रयोगशाळेच्या अहवालावरून कळते. बहुतेक सोसायट्यांकडे असा अहवाल असतो. टीडीएस मीटरवरचा आकडा म्हणजे कठीणपणा नव्हे. तो पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो. साबणाला फेस न येणे आणि नळाच्या तोटीवर पांढरे पुट चढणे या घरगुती खुणा त्यापेक्षा अधिक उपयोगी आहेत.

दुरुस्ती की बदल?

गिझर बिघडला म्हणजे तो बदललाच पाहिजे, असे नाही. बिघाड कुठे आहे ते आधी पाहावे.

दिवा लागतो पण पाणी तापत नाही, तेव्हा बहुधा कॉइल जळालेली असते किंवा थर्मोस्टॅट गेलेला असतो. गिझर लावताच आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर कॉइलचे आवरण फुटून वीज अर्थिंगकडे झिरपते आहे. असा गिझर दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. सुरक्षा झडपेतून अधूनमधून थेंब पडणे हे वाढलेल्या दाबाचे किंवा झडपेत अडकलेल्या क्षाराचे लक्षण असते आणि ते झडप बदलून थांबू शकते. या सर्व दुरुस्त्या होण्याजोग्या आहेत. कॉइल, थर्मोस्टॅट, रबरी गॅसकेट आणि मजुरी मिळून खर्च साधारण १,५०० ते २,५०० रुपयांच्या आसपास जातो.

टाकी फुटली असेल तर मात्र इलाज नाही. गिझरखाली पाणी दिसले, की गळती जोडाची आहे की टाकीची, हे तपासण्याचा सोपा उपाय आहे. गिझरची वीज बंद करून खालचे दोन्ही जोड कोरडे पुसावेत आणि प्रत्येकाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून अर्धा तास थांबावे. कागद भिजला तर जोड गळतो आहे. तो पन्नास-शंभर रुपयांच्या वॉशरने किंवा टेफ्लॉन टेपने थांबेल. कागद कोरडा राहून बाहेरच्या कवचाच्या कडेतून पाणी ठिबकत असेल, किंवा गरम पाणी गंजाच्या रंगाचे येत असेल, तर टाकी गेली असे समजावे.

निर्णयासाठी एक ढोबळ नियम पुरतो. गिझर सहा-सात वर्षांहून जुना असेल आणि दुरुस्तीचा अंदाज नव्या गिझरच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून अधिक असेल, तर बदलणे परवडते. तीन वर्षांच्या आतला गिझर असेल, तर आधी वॉरंटी कार्ड काढावे. संपूर्ण गिझर, कॉइल आणि टाकी यांच्या वॉरंटीच्या मुदती वेगवेगळ्या असतात आणि टाकीची मुदत सर्वांत मोठी असते. संपूर्ण गिझरची वॉरंटी संपली तरी टाकीची चालू असू शकते.

किती लिटरचा घ्यावा?

६० अंशांचे १५ लिटर पाणी २० अंशांच्या तेवढ्याच पाण्यात मिसळले, की ४० अंशांचे सुमारे ३० लिटर पाणी मिळते. म्हणजे १५ लिटरच्या गिझरमध्ये बादलीने अंघोळ करणाऱ्या एका माणसाची व्यवस्था निवांत होते. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी घेतो. त्याखाली हेच पाणी तीन-चार मिनिटांत संपते. त्यामुळे शॉवर वापरणाऱ्या किंवा एकामागोमाग एक अंघोळ करणाऱ्या कुटुंबाला २५ लिटरचा गिझर सोयीचा पडतो. स्वयंपाकघरातल्या सिंकसाठी तीन लिटरचा इन्स्टंट गिझर पुरे होतो.

मोठी टाकी म्हणजे अधिक वीज, असे थेट समीकरण नाही. वीज किती लागेल, हे किती पाणी तापवले यावर ठरते. पण एकट्या माणसाने रोज २५ लिटर तापवून निम्मे वापरले, तर उरलेल्या पाण्यातली उष्णता दुसऱ्या दिवसापर्यंत निघून जाते.

टाकी आणि कॉइल कोणती?

कठीण पाण्यासाठी टाकीच्या आतल्या बाजूचा विचार महत्त्वाचा आहे. काचेचे अस्तर असलेली पोलादी टाकी आज सर्वाधिक मिळते. अस्तराला बारीक भेग पडली, तर तिथे गंज धरू नये म्हणून टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असतो, त्याला अ‍ॅनोड म्हणतात. हा दांडा स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो. तो संपला की झीज टाकीवर येते. स्टेनलेस स्टीलची टाकी मजबूत असते, पण क्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात तिच्या वेल्डिंगच्या सांध्यांजवळ बारीक छिद्रे पडू शकतात. प्लास्टिकच्या (पॉलिमर) टाकीला गंजाचा प्रश्नच नसतो. कॉइल इन्कोलॉयची किंवा काचेचा मुलामा दिलेली असेल, तर क्षाराला ती तांब्याच्या कॉइलपेक्षा अधिक काळ तोंड देते.

सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असेल, तर कॉइलवर क्षार कमी बसतो, पण अ‍ॅनोड लवकर झिजतो. म्हणून अशा ठिकाणी अ‍ॅनोडची तपासणी चुकवू नये. वॉरंटी कार्डावर पाण्याच्या कठीणपणाची अट आहे का, हेही खरेदीपूर्वी वाचावे. काही कार्डांवर ठरावीक मर्यादेपलीकडचे पाणी वॉरंटीतून वगळलेले असते.

उंच इमारतीत दाबाचाही विचार करावा लागतो. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली आले, की पाण्याचा दाब सुमारे एक बारने वाढतो. बारा मजली इमारतीत खालच्या मजल्यांवर तो साडेतीन बारच्या आसपास जाऊ शकतो. प्रेशर पंप असेल, तर वरच्या मजल्यांवरही दाब वाढतो. गिझरवर ८ बार (०.८ मेगापास्कल) असा उल्लेख असला, की हा दाब त्याला सहज झेपतो. आयएसआय चिन्ह नसलेला गिझर घेऊच नये. साठवण गिझरसाठीचे भारतीय मानक आयएस २०८२ हे आहे.

ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या तारांकनाबाबतही एक बारकावा आहे. तारे दिले जातात ते गिझर भरलेला आणि चालू असताना कवचातून किती उष्णता निसटते यावर. गिझर दिवसभर चालू राहणाऱ्या घरात पाच तारे पैसे वाचवतात. अंघोळीआधी अर्धा तास लावून लगेच बंद करणाऱ्या घरात तीन आणि पाच ताऱ्यांमधला फरक थोडा पडतो. तिथे तोच जास्तीचा पैसा चांगल्या टाकीवर आणि कॉइलवर घालवलेला बरा.

प्रत्यक्ष खर्च

पुणे परिसरात तीन लिटरचा इन्स्टंट गिझर साधारण ३,००० ते ४,५०० रुपयांना, १५ लिटरचा ६,००० ते ११,००० रुपयांना आणि २५ लिटरचा ८,००० ते १४,००० रुपयांना मिळतो. या किमतींत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. २०१८ च्या जुलैपर्यंत गिझरवर २८ टक्के कर होता, तो तेव्हापासून १८ टक्क्यांवर आला.

बसवून देणे मोफत असे अनेकदा सांगितले जाते. त्याचा अर्थ साधारणपणे फक्त मजुरी मोफत, एवढाच असतो. जोड पाइप, अँगल कॉक, जास्तीचे बोल्ट आणि जुना गिझर उतरवणे यांचे पैसे वेगळे पडतात. एका फ्लॅटमध्ये जुन्या १५ लिटरच्या जागी तसाच नवा गिझर बसवण्याचा नमुना हिशेब असा :

- १५ लिटरचा मध्यम किमतीचा गिझर, करासह : ८,००० रुपये
- दोन जोड पाइप : ५०० रुपये
- दोन अँगल कॉक : ८०० रुपये
- बसवण्याची मजुरी, अँकर बोल्टसह : ६०० रुपये
- जुना गिझर उतरवणे : ३०० रुपये
- जुन्या गिझरचे भंगार : वजा ४०० रुपये
- एकूण : ९,८०० रुपये

हा गिझर सात वर्षे चालला, तर वर्षाला १,४०० रुपये पडतात. चारच वर्षांत गेला, तर २,४५० रुपये. दोन गिझरच्या किमतींत दीड हजारांचा फरक असेल, तर तो या गणितापुढे लहान ठरतो.

जुने जोड पाइप आणि अँगल कॉक पुन्हा वापरून तेराशे रुपये वाचवण्याचा मोह टाळावा. पाइपच्या टोकाचे रबरी वॉशर उष्णतेने कडक झालेले असतात आणि क्षार धरलेला कॉक पूर्ण बंद होत नाही. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी गिझरचे पाणी तोडण्यासाठी सबंध फ्लॅटचा किंवा मजल्याचा पुरवठा बंद करावा लागतो.

भिंत आणि वायरिंग

१५ लिटरचा गिझर भरल्यावर त्याचे वजन वीस-पंचवीस किलो होते, २५ लिटरचा पस्तीस किलोच्या पुढे जातो. भूगावातल्या नव्या इमारतींत काही भिंती काँक्रीटच्या, काही हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. काँक्रीटमध्ये नेहमीचे अँकर बोल्ट पकड घेतात. एएसी ब्लॉकला त्याच्यासाठीचे खास अँकर लागतात, नाहीतर बोल्ट हळूहळू सैल पडतो. जुन्या गिझरची आणि नव्याची भोके क्वचितच जुळतात. टाइलवर नवी भोके पाडावी लागतील, हे आधीच धरून चालावे. फॉल्स सीलिंगच्या वर गिझर असेल, तर सीलिंग कापण्याचा आणि पुन्हा भरण्याचा खर्च वेगळा.

दोन किलोवॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर आणि तीन किलोवॉटचा १३ अँपिअर वीज घेतो. त्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट, बोर्डापासून वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी हवा. तांब्याची वायर २.५ चौरस मिलिमीटरहून कमी जाडीची नसावी. लांब अंतर असेल किंवा तीन किलोवॉटचा गिझर असेल, तर चार चौरस मिलिमीटरची घ्यावी. जुन्या घरात सहा अँपिअरच्या सॉकेटवर गिझर चालत असेल, सॉकेट काळवंडले असेल किंवा अर्थिंग नसेल, तर दीड ते तीन हजार रुपये वायरिंगसाठी बाजूला ठेवावेत. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर गिझर बदलताना तो बसवून घेण्याची संधी सोडू नये. ओल्या न्हाणीघरात माणसाचा जीव वाचवणारे उपकरण तेच असते.

गिझर बसल्यावर आधी गरम पाण्याचा नळ उघडावा, त्यातून पाण्याची अखंड धार येऊ द्यावी आणि मगच वीज लावावी. टाकी रिकामी असताना कॉइल तापली, तर पहिल्याच दिवशी जळू शकते आणि अशी कॉइल वॉरंटीत बसत नाही.

विजेचे बिल

पंधरा लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर नेण्यासाठी ०.७ युनिट वीज लागते. थोडी गळती धरून एका अंघोळीला पाऊण युनिट. चार माणसांच्या घरात दिवसाला तीन आणि महिन्याला ९० युनिट होतात. युनिटला १२ रुपये धरले, तर महिन्याला १,०८० रुपये. पावसाळा आणि हिवाळा मिळून वर्षातले आठ महिने गिझर चालला, तर ८,६४० रुपये, म्हणजे गिझरच्या किमतीहून अधिक, दरवर्षी.

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : पहिली १०० युनिट सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढची आणखी महाग. गिझरची ९० युनिट बाकीच्या वापराच्या वर पडतात, त्यामुळे त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. स्वतःचा हिशेब मांडताना बिलातल्या सरासरी दराऐवजी आपल्या शेवटच्या टप्प्याचा दर आणि त्यावरचा वहन आकार व वीज शुल्क धरावे.

गॅस आणि सोलर

१४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये अशा सुमारे २०० अंघोळींचे पाणी तापते. सिलिंडरच्या चालू किमतीला २०० ने भागून तो आकडा पाऊण युनिटच्या दराशी ताडला, की गॅस गिझर स्वस्त का वाटतो ते कळते. पण बंद न्हाणीघरात गॅस जळताना प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. गॅस गिझर लावायचाच असेल, तर तो न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेच्या ड्राय बाल्कनीत बसवावा. तशी जागा नसेल, तर हा पर्याय सोडून द्यावा.

गच्चीवर सामाईक सोलर असलेल्या संकुलांत उन्हाळ्या-हिवाळ्यात विजेचा वापर पुष्कळ कमी होतो, पावसाळ्यात गिझर लागतोच. गच्चीपासून खालच्या मजल्यांपर्यंत गरम पाणी पोहोचेपर्यंत पाइपातले गार पाणी सोडावे लागते. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत ते बादलीत धरावे. स्वतंत्र बंगल्यासाठी सोलर नव्याने घ्यायचा असेल, तर त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे. कठीण पाण्यात सोलरच्या नळ्यांतही क्षार धरतो, त्यामुळे सफाईचा खर्च त्यालाही आहेच.

निगा

थंडी सुरू होण्यापूर्वी वर्षातून एकदा गिझर उघडून क्षार काढून घ्यावा आणि अ‍ॅनोड पाहावा. या कामाला साधारण ५०० ते ८०० रुपये पडतात. अ‍ॅनोड पेन्सिलीएवढा बारीक उरला असेल, तर तो बदलावा. थर्मोस्टॅट ७५ अंशांवर ठेवण्याची गरज नसते. तापमान ६० अंशांच्या वर गेले, की क्षार झपाट्याने बसतो, म्हणून ५५ ते ६० अंश पुरेसे आहेत. मिस्त्री ऑक्टोबरमध्ये सहज मिळतो. डिसेंबरच्या पहिल्या कडाक्यानंतर त्याची वाट पाहावी लागते.

कागद आणि जुना गिझर

बिल जीएसटी क्रमांकासह घ्यावे, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि खरेदीची तारीख आहे ना ते पाहावे आणि गिझरवरचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा. बसवणी कंपनीच्या माणसाकडून झाली असेल, तर त्याची पावतीही जपावी. टाकीच्या वॉरंटीचा दावा करताना ती मागितली जाऊ शकते. कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

जुना गिझर कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. त्यात तांबे, पोलाद आणि फोमचे आवरण असते. दुकानदार एक्स्चेंजमध्ये किती देतो ते आधी विचारावे, मग भंगारवाल्याचा भाव घ्यावा आणि जास्त देणाऱ्याला तो द्यावा. तांब्याच्या टाकीच्या जुन्या गिझरला भंगारातही बरी किंमत येते, म्हणून टाकी कशाची आहे हे विकण्यापूर्वी पाहून घ्यावे.